सांडशीची निशाणी

मोगलाईची हद्द ओलांडून आलेल्या माणसाला तुम्ही तुमच्या घरात काय म्हणता, पाहुणा की पळपुटा? खरं सांगा. नगरच्या कापडबाजारात मी हे दोन्ही शब्द एकाच दुकानदाराच्या तोंडून ऐकले आहेत. सभेत भाषण करताना तो 'आपले पाहुणे' म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी नळावरची रांग लांबली तेव्हा 'हे पळपुटे' म्हणाला.

माझं आजोळ मोगलाईतलं. तिथे आता आमचं कोणी उरलेलं नाही, म्हणून मी बिनधास्त लिहू शकते. बिनधास्त लिहायला तिकडे आपलं कोणी नसावं लागतं, ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तिचीच हकीकत मी सांगते आहे.

वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करत. आमच्या घरी पोथ्या कमी आणि पत्रकं जास्त. बेचाळीसच्या धामधुमीत आई भूमिगतांची बुलेटिनं बाजरीच्या पिठाच्या डब्यात लपवायची. ती वाचली की बोटं पांढरी व्हायची आणि आई म्हणायची, "हात धू आधी, पोलीस पीठ ओळखतात." तेव्हापासून माझं मत ठाम झालं होतं की जे म्हणायचं ते छापून म्हणावं आणि खाली आपलं नाव घालावं, नाव न घालणारा भित्रा. त्या बुलेटिनांखालीसुद्धा कोणाचं नाव नसायचं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

पुढे मोगलाईच्या संस्थानात फौजेचा अंमल बसला आणि हद्दीच्या अलीकडे माणसं येऊ लागली. नगरात त्यांचे तीन तांडे झाले. शिकलेले, वकील-मास्तर, एका धर्मशाळेत. शेतकरी आणि बलुतेदार माळीवाड्याच्या बाहेर, झाडांखाली. तिसरे तोफखाना भागातले तेलुगू बोलणारे विणकर. ते इथे दोन पिढ्यांपासूनचे, पण त्यांचे भाऊबंद अजून तिकडेच. तिघांचं मागणं एकच होतं: फौज गावातून हलवा आणि लोकांनी निवडलेल्या माणसांचं राज्य आणा. पण पत्रकं तीन निघत. तिन्ही मीच लिहून देत होते. तिसऱ्या पत्रकाला वडील वैतागून म्हणाले, "अगं, तेच खिळे तेच शब्द. नुसती वरची ओळ बदलते. यांना एकदा एकत्र बसव."

म्हणून मी त्यांना एकत्र बसवलं. रविवारी दुपारी, तोफखान्यातल्या विणकरांच्या देवळाच्या मंडपात. एकच पत्रक काढायचं, ते दिल्लीला आणि वर्तमानपत्रांना पाठवायचं, आणि हद्दीपलीकडेही जाऊ द्यायचं, म्हणजे तिकडच्या लोकांना कळेल की बाहेर गेलेले सगळे एक आहेत.

सगळे एक! पहिला रविवार पत्रक कोणत्या भाषेत काढावं यात गेला. विणकरांना तेलुगू मजकूर हवा होता आणि नगरच्या एकाही छापखान्यात तेलुगू खिळे नव्हते. दुसरा रविवार सह्यांच्या क्रमात गेला. तिसऱ्या रविवारी धर्मशाळेतले वकीलसाहेब 'लोकसत्ता परत मिळावी' या शब्दांवर अडून बसले.

"जे कधी नव्हतं ते परत कसं मागायचं? 'परत' हा शब्द काढा."

माळीवाड्याकडे बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारे एक लोहारमामा मागे खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "चावडी हुती की आमची. भांडण झालं का गाव बसायचं, ठरवायचं. आता चावडीत फौजेची घोडी बांधत्यात. ती चावडी परत द्या म्हणतो आमी. तुमच्या पुस्तकात हुती का न्हाई ते तुमी बघा."

मजकुरात 'परत' राहिला.

सगळ्यांत पुढे, पण सगळ्यांपासून हातभर अंतरावर, एक कल्हईवाले चाचा बसत. तेही मोगलाईतून पळून आलेले. फौजेच्या मागे फिरणारी लाठीवाली टोळकी त्यांच्याच धर्माचं नाव घेऊन गावं लुटत होती, म्हणून मंडपातले लोक त्यांच्याशी बोलताना आवाज उतरवत. एकाने शेवटी विचारलंच, "चाचा, तुम्ही कशापायी पळालात? तुमचंच राज्य ना?"

"हौ ना," चाचा म्हणाले. "माझंच राज्य. आधी माझं दुकान लुटलं, मंग विचारलं, मियाँ हो क्या? मी म्हटलं, भाई, हे आधी विचारायचं असतं."

मंडप हसला. त्या दिवसानंतर ते हातभर अंतर थोडं कमी झालं.

सह्यांची वेळ आली तेव्हा मात्र एकही हात पुढे येईना. मी उठून बोलले. चांगलं बोलले, अजून आठवतं. ज्याला स्वतःचं नाव लिहायची भीती वाटते त्याने स्वातंत्र्य मागू नये, असं काहीतरी. मास्तर लोकांनी टाळ्याही वाजवल्या. टाळ्या वाजवूनही सही कोणी केली नाही.

लोहारमामा म्हणाले, "पोरी, तुझं घर कुठं?"

"इथेच. दिल्ली दरवाजाशी."

"मंग तू कर सही. माझा थोरला भाऊ तिकडं हाय. त्याची बायकापोरं हायती. माझं नाव हितं छापलं तर पाठीवर वळ त्याच्या उठणार."

मला राग आला. त्यांचा नव्हे, सगळ्याचाच. तीन रविवार भांडून मजकूर तयार झाला होता आणि खाली कोरी जागा होती. निनावी पत्रक दिल्लीत कोण वाचणार?

तेव्हा मामांनीच वाट काढली. म्हणाले, आमच्याकडे जुन्या काळी गाव बसून निवाडा झाला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहीत. लिहिता कोणाला येत होतं? पाटील नांगर काढायचा, कुंभार चाक, न्हावी आरसा, आमच्यातला सांडशी. ज्याची जी अवजारं ती त्याची निशाणी. त्यांच्या आज्याने असे कागद पाहिले होते.

मी हरखून गेले. नाव नको, तरी माणूस आहे! ज्यांना लिहिता येत नाही त्यांचीही सही, आणि मराठी-तेलुगूचा प्रश्नच संपला. निशाण्या गोल मांडायच्या म्हणजे पहिला कोण, शेवटचा कोण हाही वाद मिटला. विणकरांनी मागाचा धोटा काढला. चाचांनी भांडं काढलं, ते इतकं वेडंवाकडं आलं की माळीवाड्याकडचा न्हावी म्हणाला, "चाचा, ह्याला कल्हई नको, ठोकूनच काढा." वकिलांनी दौत-लेखणी काढली. एका विणकराच्या मेहुण्याने सागाच्या तुकड्यांवर ठसे कोरून दिले. त्या रविवारी मंडपात कोणी कोणाची जात विचारली नाही. अवजार विचारलं. मला वाटलं, हेच ते राज्य, हे इथेच सुरू झालं.

प्रूफ हातात आलं आणि मला एक उणीव दिसली. नुसते ठसे चित्रांसारखे दिसत होते. दिल्लीतला कारकून म्हणेल, कुणीतरी नगरात बसून अवजारं काढली. म्हणून मी सुचवलं की प्रत्येक निशाणीखाली त्या माणसाचं गाव घालावं. वकीलसाहेब म्हणाले, "उत्तम. पुरावा होतो." मामांनी मान डोलावली. चाचांनीही. जो तो आपल्या गावाचं नाव छापलेलं बघायला आतुर होता. घर सोडून आलेल्या माणसाला गावाचं नाव बघून काय होतं ते मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्यात मला धोका दिसला नाही, फक्त माझी सूचना किती योग्य होती तेवढं दिसलं. प्रूफ वाचून वडील म्हणाले होते, "गावं कशाला घालतेस?" मी म्हटलं, "दादा, तुम्ही चुका तपासा, मजकूर नको."

पत्रक निघालं. वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. कडब्याच्या गाड्यांतून ते पलीकडे गेलं. पुढच्या दोन रविवारी मंडप भरला. तिसऱ्या रविवारी लोहारमामा आले नाहीत.

चाचा मला देवळाच्या पायरीवरच भेटले.

"बेटी, त्याच्या भावाला उचललं."

"का? मामांचं नाव तर कुठेच नव्हतं!"

चाचांनी माझ्या हातातल्या पत्रकाकडे बोट केलं. मग म्हणाले, "त्या गावात लोहाराचं एकच घर आहे."

मी पत्रक उघडलं. सांडशी, आणि खाली गाव. चाक, आणि खाली गाव. एका गावात एक लोहार, एक कुंभार, फार तर दोन न्हावी. तिकडच्या कुठल्याही शिपायाला हा कागद वाचता येत होता. अक्षर न येणाऱ्यालाही येत होता. नावं छापली असती तर निदान एखादं नाव दुसऱ्या कोणाचं म्हणून निभावलं असतं. मी सरळ घराचं दार दाखवलं होतं.

मी माळीवाड्याकडे गेले. मामा काम करत होते. चाक आडवं घातलेलं, धाव लाल झालेली, आणि बायको भाता ओढत होती. धाव चाकावर बसवून पाणी ओतल्यावरच त्यांनी हात थांबवला. मधे थांबलं तर लोखंड वाया जातं. मग घाम पुसून म्हणाले, "भाता फाडला म्हन. ऐरण उचलून नेली. भावाला इचारलं, सही करणारा कुठं हाय? त्यो म्हनला, मला सही येत न्हाई. तर म्हनले, ही सांडशी कुनाची?"

"मामा, चूक माझी आहे. गावं मी घातली."

"तू घातलीस. मला तरी कुठं उमगलं? माझ्या आज्यानं सांगितलेलं मी अर्धंच ध्यानात ठिवलं. निशाणी काय लपायला काढत न्हवते, पोरी. सगळ्यांनी वळखावं म्हनून काढत." ते हसल्यासारखं करून म्हणाले, "आन् वळखली की त्यांनी."

भात्याशी बसलेल्या मामी तेवढ्यात म्हणाल्या, "ह्या ताईला इचारा, आता कागद काढून भाऊजी सुटतील का? कागद काढून धरलं, तर कागद काढून सोडवता बी येत असंल." त्यांनी टोमणा मारला की खरंच विचारलं, मला अजून ठरवता आलेलं नाही. 

संतापाची खरी बाब पुढे आहे. मी हे सगळं पुढच्या बैठकीत सांगितलं आणि वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे पत्रक लागू पडलं! दुसरी आवृत्ती काढू. वर ठळक अक्षरांत त्या भावाचं नाव घाला. बलिदान हवं असतं चळवळीला."

"त्याला विचारलंत?" चाचांनी विचारलं.

"तो तुरुंगात आहे. कसं विचारणार?"

"मंग घाला तुमच्या भावाचं नाव."

वकीलसाहेबांचा भाऊ मुंबईत आहे. त्यांनी दुसऱ्या आवृत्तीचा विषय तिथेच सोडला. पण मास्तरांपैकी दोघे म्हणाले की तत्त्वासाठी किंमत मोजावीच लागते, आणि ते माझ्याकडे बघून बोलले, कारण हे वाक्य माझंच होतं. मागच्या एका पत्रकात मी ते ठळक छापलं होतं. मी ते वाक्य आता मागे घेते. किंमत मोजायची असेल त्याने स्वतःच्या अंगणातून मोजावी. मला दुसऱ्याचं अंगण दिसलं आणि मी तिथे बोट दाखवलं.

तरी मंडप मोडला नाही, एवढंच समाधान. कुंभार आणि न्हावी आता येत नाहीत. त्यांची गावंही त्या कागदावर आहेत आणि तिकडून काय निरोप येतो याची ते वाट बघत आहेत. विणकर येतात. चाचा येतात. मामा परवा आले, मागे खांबाला टेकून बसले, आणि म्हणाले की नवा कागद काढा, वरचा मजकूर तोच ठेवा, 'परत'सुद्धा ठेवा. खाली फक्त लिहा, मोगलाईतून आलेले आम्ही सर्व. कोणी वाचेल, कोणी वाचणार नाही. मी तसं लिहून दिलं आहे. वडिलांनी जुळवताना फक्त चुका तपासल्या, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मामांच्या भावाचा अजून पत्ता नाही. हद्दीवरच्या बाजारात कोणी म्हणतं जिल्ह्याला नेलं, कोणी म्हणतं सोडलं. गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही.

जुना कागद मात्र अजून फिरतो आहे. शेवगावकडे, पाथर्डीकडे, जामखेडकडे, धान्याच्या पोत्यांत, पगडीच्या घडीत. मी काही प्रती परत आणल्या, पण सगळ्या येणार नाहीत. तुमच्याकडे तो असेल. तुम्ही तो जपून ठेवला असेल, कदाचित दुसऱ्याला द्यायच्या विचारात असाल. तो आत्ताच बाहेर काढा. वर मजकूर आहे, खाली निशाण्यांचं वर्तुळ आहे. मधोमध दुमडून खालचा भाग फाडा आणि चुलीत घाला. निशाणी सुंदर दिसते म्हणून ठेवू नका, आठवण म्हणून ठेवू नका, लेकरांना खेळायला देऊ नका. वरचा अर्धा कागद मग पुढे ज्याला द्यायचा त्याला द्या.