बाबांचा मांडव आणि माझा ट्रायपॉड

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये मला आवडलेली एकही वास्तू कुठल्याही आर्किटेक्टने बांधलेली नाही. कौन्सिल लोकांना भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे भाड्याने देते. दर शनिवारी मी तिथे जाऊन लोकांनीच जुनी दारं, गंजके पत्रे जोडून उभ्या केलेल्या शेड्सचे फोटो काढायचो. (बायको म्हणायची, "लोक राणीचा राजवाडा दाखवतात, तू भंगार!") खरं म्हणजे त्या शेड्स बघून मला नागपूरच्या अंगणातला बाबांचा मांडव आठवायचा.

त्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले. आठव्याच दिवशी म्हणाले, "करमत नाही बापा इथं. मागे मांडव घालतो, घेवडा लावतो."

संध्याकाळी ऑफिसातून येतो तर मांडव उभा! वर निळी ताडपत्री, बायकोच्या ओढण्यांच्या गाठी, खांब म्हणून फरशी पुसायचे दोन मॉप, एक पडद्याचा रॉड आणि चौथा खांब... माझा ट्रायपॉड!

"बाबा, हा कॅमेऱ्याचा स्टँड आहे!"

"काहून? इतका भक्कम खांब घरात नुसता ठेवते का कोणी?"

घेवडा नेमका ट्रायपॉडवरच जोमाने चढला. माझे शनिवार बुडाले. पण बाबा त्या मांडवाखाली खुर्ची टाकून चहा प्यायचे, आणि मला ते दृश्य कायमचं हवं होतं, बाबांसकट.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी जाहीर केलं, "मांडवाखाली सगळ्यांचा फोटो! टायमर लावतो." आता टायमर म्हटलं की ट्रायपॉड आला.

"अरे, कॅमेरा खुर्चीवर ठेव ना!" बायको म्हणाली.

"खुर्चीवर? फोटोग्राफी म्हणतात याला!"

"काढ तू," बाबा म्हणाले, "मी कोपरा धरतो."

मी वेल सोडवला, ट्रायपॉड काढला, बाबांनी ताडपत्रीचा कोपरा हातांनी तोलला. टायमर दाबून मी धावत सुटलो, ओढणीत पाय अडकला आणि धडाम! अख्खा मांडव सगळ्यांच्या डोक्यावर! आतून बाबांचा आवाज आला, "आला का रे फोटो?"

रोल धुऊन आला तोवर बाबा नागपुरात पोचले होते. फोनवर पहिला प्रश्न, "मांडव आला का नीट?"

"आला बाबा," मी म्हणालो.

फोटोत एक निळा डोंगर आहे आणि त्याखाली चपला घातलेले बाबांचे दोन पाय. तो मी हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. पाहुण्यांना पायांकडे बोट दाखवून सांगतो, "हे माझे बाबा!" फोटो कोणी काढला, ते मात्र सांगत नाही.