शेवटची रांग

आठ जणांची ती जपानी गाडी मी सांगलीच्या शोरूममध्ये बरीच वर्षं विकली. पहिलं मॉडेल बंद झालं तेव्हा गिऱ्हाइकं हळहळली. मग नवीन आलं, लांबीनं मोठं आणि किमतीनंही, आणि तेच लोक पुन्हा नाव नोंदवायला आले. ती इतकी का खपते, असं कुणी विचारलं तर मी इंजिनाबद्दल बोलत नाही. आलेल्या घरची माणसं गाडीत कशी बसतात, ते मी बघत आले आहे.

एकदा एक शिक्षक आले, बरोबर बायको आणि चार मुलं. त्यातली दोघं त्यांच्या भावाची. भाऊ-भावजय अपघातात गेल्यापासून ती यांच्याकडेच राहत होती आणि जुन्या गाडीत सगळे मावत नव्हते.

मी दार उघडलं. भावाची मुलगी, दहाएक वर्षांची, आपल्या धाकट्या भावाचा हात धरून थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

"तिथं कशाला? मध्ये बस की," बाई म्हणाल्या.

"इथंच बरं आहे, काकू. आम्हाला जागा कमी लागते."

 बाई साडी सावरत, वाकून आत शिरल्या आणि त्या दोघांच्या शेजारी बसल्या.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "माझी जागा ठरली. हीच गाडी घेऊ."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग जरा सरकली आणि काकूंचा पट्टा तिनं स्वतः लावून दिला.