प्रशांतने बदललेलं इंजिन

प्रशांत गेला त्याला आज वर्ष झालं. आणि आज सकाळी मी त्याची गाडी विकायला काढली होती.

शिव्या घालायच्या असतील तर आधी पूर्ण वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझा नवरा मूळचा चिंचवडचा, इंजिनच्या कारखान्यात शिकलेला. इकडे ऑस्ट्रेलियात, टूवूंबात आल्यावर मात्र हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये नोकरी. दिवसभर एसी आणि बॉयलर बघायचा आणि इंजिनाला हात लावायला तरसायचा.

आमच्या शेजारी जोनआजी राहते. तिचा नवरा रॉन गेला तेव्हा त्याची जुनी मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची गाडी, तिने प्रशांतला दिली. सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, पिवळीधमक, लांबलचक बॉनेटची.

अट एकच. दर शनिवारी दुपारी गाडी सुरू करायची, म्हणजे तिला रॉनच्या गाडीचा आवाज ऐकू येईल.

प्रशांत नेमाने करायचा. आजी चहाचा मग घेऊन कुंपणाशी उभी राहायची. दोघं फारसं बोलायचेही नाहीत.

पण इंजिन थकलं होतं. आमचं गाव डोंगरावर. समुद्राकडून परत येताना घाट चढावा लागतो, आणि घाटात ते हटकून तापायचं. आजीला तर त्याच गाडीतून एकदा समुद्रावर जायचं होतं, रॉनबरोबर जायची तसं.

"तिला घाटात रस्त्याच्या कडेला उभं करू का मी?" प्रशांत म्हणायचा.

म्हणून त्याने अपघातात मोडलेल्या एका नव्या गाडीतलं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन आणलं. कॉम्प्युटरवर चालणारं, जुन्याच्या दुप्पट ताकदीचं. मग त्याला पेलणारे ब्रेक आले, मोठा रेडिएटर आला, इंजिनिअरची मंजुरी आली. आमचे सगळे वीकेंड त्यात गेले. जेवणाच्या टेबलावर वायरिंग पसरलेलं असायचं आणि मी ओट्याशी उभ्याने जेवायचे. खूप चिडायचे.

जुनं इंजिन त्याने भंगारात दिलं नाही. गॅरेजमध्ये सोलापुरी चादरीखाली झाकून ठेवलं.

आजीला एवढंच सांगितलं होतं की गाडी रिपेअरला काढली आहे. त्याला सरप्राइज द्यायचं होतं.

आणि मुहूर्त कुठला, तर दसरा.

इथली सगळी मराठी मंडळी जमली. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. नारळ फोडायचा मान जोनआजीचा. ती फुलाफुलांचा ड्रेस घालून आली होती, केस सेट करून.

प्रशांतने किल्ली फिरवली.

आजी ऐकत राहिली. मग तिने नारळ माझ्या हातात दिला.

"हा रॉनचा आवाज नाही," ती म्हणाली. "मला विचारायचंस तरी, लव्ह."

आणि घरी निघून गेली. नारळ त्या दिवशी कुणीच फोडला नाही.

आपल्याकडे मोठ्या माणसांना मान दिला की आपलं काम झालं, असं आपण धरून चालतो. त्यांना विचारायचं राहूनच जातं. प्रशांतचंही तेच झालं.

त्याने माफी मागितली. जुनं परत बसवतो म्हणाला. आजी म्हणाली, राहू दे आता, एवढी मेहनत केलीस. पण गाडीत बसायला काही तयार होईना.

शनिवारी गाडी सुरू झाली की तिची खिडकी बंद व्हायची. प्रशांत तरीही सुरू करायचा. शब्द दिलाय म्हणे.

गेल्या थंडीत एका शनिवारी तो हात पुसत आत आला.

"आज तिची खिडकी उघडी होती."

इतकं खूश मी त्याला आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तो कामावर कोसळला. ब्रेन हॅमरेज. शेवटचं बोलणंसुद्धा झालं नाही.

वर्षभर मी गॅरेजचं दार उघडलं नाही. आज म्हटलं, सगळं एकदाच उरकावं. सकाळी गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर श्राद्ध सांगितलं, आणि नंतर ब्रिस्बेनहून एक गिऱ्हाईक आलं. गाडी त्याला पसंत होती. फक्त नवं इंजिन काढून तो जुनंच बसवणार होता. ओरिजिनल असलं की जास्त मागणी असते म्हणे.

मला वाटलं, बरंच झालं. रॉनची गाडी पुन्हा रॉनची होईल.

या वेळी तरी आधी विचारावं म्हणून जोनआजीकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि काठी घेऊन माझ्याबरोबर आली.

"आधी एकदा सुरू कर," म्हणाली.

बॅटरी उतरली होती. गिऱ्हाइकाने स्वतःच्या गाडीतून केबल लावली. मी किल्ली फिरवली.

तो आवाज आला आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. वर्षभर रडले नव्हते अशी रडले. मला वाटलं आता तो आत येईल, काळ्या हातांनी, आणि चहा टाकतेस का म्हणेल.

आजीने खिडकीतून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जुनं बसवलंस तरी माझा रॉन काही परत येणार नाही, लव्ह. पण हे काढलंस तर तुझा प्रशांत जाईल."

गिऱ्हाइकाला सॉरी म्हणून परत पाठवलं. बिचारा, त्याच्याच केबलने घात केला.

घरात नारळ होता. जोनआजीने तो पायरीवर आपटून फोडला. मुहूर्त बिहूर्त काही नव्हता. मग डोक्याला स्कार्फ बांधून ती पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, चल.

आम्ही समुद्रावर जाऊन आलो. आत्ताच परत पोचलोय.

प्रशांत, घाट चढताना आजी शेजारी गाढ झोपली होती आणि मी सगळा वेळ टेंपरेचरच्या काट्याकडे बघत होते. मध्यावर होता. हललासुद्धा नाही.

आता दर शनिवारी दुपारी गाडी मी सुरू करीन. तुझा शब्द माझ्याकडे राहिला.

तू सुखाने जा.