रफूवाल्या मावशींचं भिंग

रेडिओच्या मागे मला एक तपकिरी, चकचकीत बी सापडलं. वालाएवढं, एका कडेला बारीक दाते. एवढं देखणं बी फेकवेना, म्हणून मी ते कुंडीत पेरलं, कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि दीड महिना इमानेइतबारे पाणी घातलं. माझ्या हाताला पहिल्यांदाच यश आलं. एका सकाळी कुंडीतून पंधरा-वीस झुरळं उगवली आणि ओट्यावर उतरली.

बायकोने किंकाळी फोडली, पिशवी भरली आणि बहिणीकडे निघाली. दारातून म्हणाली, "खालच्या मावशींनी घर तपासून मला फोनवर 'ये' म्हटलं, तरच येईन. तुमच्या शब्दावर नाही."

खालच्या मावशी म्हणजे रफूवाल्या मावशी. तळमजल्यावर खिडकीशी बसून त्या चाळीस वर्षं लोकांच्या कोटांची भोकं बुजवताहेत. भोक बुजवण्याआधी ते पाडलं कोणी हे कळलंच पाहिजे, हा त्यांचा खाक्या. नाहीतर आज रफू करायचं आणि घडीत राहिलेल्या अंड्यांतल्या अळ्यांनी महिन्याभरात शेजारीच दुसरं पाडायचं! कपड्यांवरून पलंग, पलंगावरून फळ्या, असं त्यांचं शिक्षण वाढत गेलं. आता अख्खी इमारत काडेपेटीत नाहीतर चिकटपट्टीवर कसली कसली अंडी घेऊन त्यांच्या दारात उभी असते. मावशी भिंग लावतात, श्वास रोखतात आणि निकाल देतात.

"मिठासारखं सुटं आहे. कसर. लोकरीचं सगळं उन्हात टाका."

"पलंगाच्या फटीला चिकटलं होतं? मग ढेकूण."

"लिंबाच्या पानावर एकच गोल मणी? फुलपाखरू आहे ते. हात लावलात तर बघा!"

वरच्या मजल्यावरचे कारकून एकदा कसर लागली म्हणून स्वेटर घेऊन आले. मावशींनी भोक हुंगलं आणि त्यांच्या बायकोसमोरच सांगितलं, "ही कसर सिगारेट ओढते."

माझ्याकडे त्या टॉर्च आणि सुई घेऊन आल्या. कुंडी उकरून रिकामं टरफल काढलं.

"झुरळाची अंड्यांची पिशवी आहे ही. पेरलीत?"

"बी वाटलं हो."

"पाणी घातलंत?"

"रोज."

"खत?"

"अगदी थोडं."

मावशी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हलत राहिल्या. मग कामाला लागल्या. खण उपसले, डबे हलवले, सिलिंडरमागे टॉर्च मारला. दोन तास मी मागे मागे फिरलो, सरकवा म्हटलं ते सरकवलं. शेवटी त्यांनी हात झटकले.

"लावा फोन बायकोला."

मी नंबर फिरवणार, तोच त्या कपाटाच्या बिजागरीशी वाकल्या. सुईच्या टोकाने काहीतरी सोडवून तळहातावर घेतलं, हलकेच दाबून पाहिलं.

"आणखी एक पिशवी. भरलेली आहे. ठेवा फोन. आठवडाभर रोज बघायला येईन, मग ठरवू."

आठवडा! तीन दिवस मी पावावर काढले होते. घर तर इतकं शांत झालं होतं, की स्वतःच्या खोकल्याने दचकत होतो.

"मावशी, ही एकच तर आहे," मी अजिजीने म्हटलं. "आत्ता चिरडून टाकतो. तुम्ही तिला नुसतं 'काही सापडलं नाही' म्हणा ना."

मावशींनी भिंग पुसून खिशात टाकलं.

"रफू मी कापडाला करते, बोलण्याला नाही."