अर्ध्या दाताची खूण

जो साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. कामगार न्यायालयात कंपनीची बाजू मांडण्यात माझी नोकरी सरली. भूत, करणी हे शब्द समोरच्या वकिलाच्या तोंडीही मी खपवून घेतले नाहीत. तेव्हा पुढील मजकूर श्रद्धेचा नसून केवळ घटनाक्रमाचा आहे, असे समजून वाचावा.

मी चिंचवड गावठाणात राहतो. वडिलांच्या कारखान्यातल्या एका परदेशी इंजिनिअरने मायदेशी परतताना आपल्या मुलांच्या खेळातल्या विटा आम्हाला दिल्या होत्या... तांबड्या-पांढऱ्या, एकीत एक अडकणाऱ्या. आज जगभरचे संग्राहक ज्यांच्यामागे धावतात, त्या जुन्या घडणीच्या. त्या काळचे प्लॅस्टिक मऊ. ते हळूहळू वाकडे होई आणि विटा एकमेकींत रुतून बसत. पुढे कडक प्लॅस्टिक आले आणि ती अडचण गेली. आमच्याकडे मात्र रुतलेल्या विटा माझी थोरली बहीण सुनंदा दातांनी सोडवी. पवनेच्या घाटावर पडून तिचा पुढचा एक दात अर्धा तुटला होता. त्यामुळे प्रत्येक विटेवर तिची खूण — एक पूर्ण खळगा, शेजारी एक तिरपा, अर्धा. नऊ वर्षांची ताई तापाने गेली. तिचा एकही फोटो नाही. त्या खुणा, एवढीच ताई उरली होती.

थेरगावचा प्रसाद हा अशा विटांचा संग्राहक. चाकणला त्याचा गाड्यांचे प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. प्रदर्शनात मांडतो म्हणून त्याने माझी विटांची पेटी नेली आणि पुढे ती स्वतःचीच असल्याचे सांगू लागला. मी रजिस्टर्ड नोटीस पाठवून विटांवर दावा सांगितला. ओळखीची खूण म्हणून ताईचे दात नमूद केले. तो फोनवर हसला.

"काका, दातांच्या खुणा सगळ्यांच्याच विटांवर असतात. पोरं चावतातच. कोर्टात काय बहिणीला बोलावणार?"

"बोलावीन," मी म्हणालो. रागात म्हणालो.

त्याच आठवड्यात एका दुपारी त्याचा फोन आला. "काका, घरी या. आत्ताच या." आवाजातले हसू गेले होते. मी शेजारच्या जाधवांना पंच म्हणून सोबत घेतले.

"वकीलसाहेब, पंचाला चहा तरी मिळतो का?" जाधव रिक्षात म्हणाले.

चहा मिळाला नाही. प्रसादच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेची कपाटे होती, आणि त्यांतल्या प्रत्येक विटेवर ती खूण होती... एक पूर्ण, एक अर्धी. कडक प्लॅस्टिकवर दात सहसा इतका खोल उमटत नाही. इथे उमटला होता.

"काय केलंत तुम्ही, काका?"

"या घरात मी आज प्रथमच पाऊल ठेवतो आहे. जाधव, लक्षात ठेवा." वरच्या फळीवर एक सीलबंद खोका होता. "तो उघडा."

"तो नको, काका. त्याची सगळी किंमत सीलमध्येच आहे. कारखान्यात बंद झाल्यापासून कुणाचा हात लागलेला नाही."

"हात लागलेला नाही, हे मान्य. उघडा."

त्याने सील कापले. आतल्या न फोडलेल्या पिशवीतल्या विटांवरही तेच. जाधवांनी एका खळग्यावर बोट ठेवले आणि लगेच मागे घेतले. "लेकराचे दात हायेत हो हे," असे म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले. मला मात्र समाधान वाटले. ते मी लपवत नाही.

"तुमच्या विटा घेऊन जा, काका. आत्ता न्या."

पेटी समोरच होती. उचलायची, एवढेच. परंतु मला तो वाकलेला पाहायचा होता. मी म्हणालो, "ताबा रीतसर घेईन. उद्या, तुमच्या लेखी कबुलीसह, पंचांसमक्ष."

दुसऱ्या दिवशी कपाटे रिकामी होती. भीतीने त्याने सगळा संग्रह चाकणला नेऊन, टाकाऊ प्लॅस्टिकचे दाणे करणाऱ्या ग्राइंडरमध्ये घातला होता. माझी पेटीही. "घरात माझी मुलगी झोपते, काका," एवढेच तो म्हणाला. ते दाणे कामगारांनी सुट्या भागांच्या नेहमीच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये मिसळूनही टाकले होते.

तेव्हापासून त्याच्या मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक भागाच्या कडेला दोन खळगे असतात. त्याने साचा उघडला, पॉलिश केला, मशीन बदलले, मालही नवा भरला. गाड्यांची कंपनी लॉटमागून लॉट परत पाठवते. गेल्या रविवारी तो असाच एक परत आलेला भाग घेऊन माझ्या दारात आला.

"साच्यात काही नाही, काका. मी स्वतः बोट फिरवून पाहिलं. दावा मागे घ्या."

साच्यात नसलेली खूण मालावर कशी उठते, याचे उत्तर साचे घडवणाऱ्या त्याच्या टूलरूमकडे नाही, माझ्याकडेही नाही. तो काळा तुकडा मी ठेवून घेतला आणि दार लावले. हे लिहिताना तो टेबलावर आहे. अंगठा त्यावरून फिरतो — आधी पूर्ण, मग अर्धा.

दावा मी मागे घेतलेला नाही. ताईनेही घेतलेला नाही.