पोस्टरवरचं तूप

"मॅडम, तुमीच सांगितलंय की," असं म्हणत नामदेवरावांनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. स्क्रीनवर आमच्या कंपनीचं पोस्टर, त्यावर मी. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, चेहऱ्यावर दांडगा आत्मविश्वास. खाली माझ्या नावानं वाक्य: 'दुधातलं फॅट हृदयाला बाधत नाही.' शेजारी तुपाची धार.

मी चाकणच्या एका कंपनीत मेडिकल ऑफिसर आहे. नामदेवराव आमचे क्रेन ऑपरेटर. टनावारी वजनाचे लोखंडी साचे लोकांच्या डोक्यावरून नेतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसला, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत जाळी घातली. आणि आजच्या रिपोर्टमध्ये त्यांचं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, मागच्या वर्षीच्या जवळपास दुप्पट होतं.

"गोळ्या घेताय ना?"

"न्हाई. तीन महिनं झालं, कोलेस्टेरॉलची सोडली. रोज सकाळी दोन चमचे तूप घेतो. घरच्या म्हशीचं हाय. मालकीण दोन वर्षं बरणी लपवीत व्हती. तुमचा फोटो दाखवला, गप काढून दिली."

"काही त्रास?"

"क्रेनची शिडी चढताना छातीवर जरा दाब येतो."

जरा! मी त्यांना लगेच ॲम्ब्युलन्समधून हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि क्रेनवरून काढलं. जाताना ते म्हणाले, "तुमचं ऐकलं, अन् क्रेन गेली."

ते वाक्य घेऊनच मी एचआर मॅनेजर कौस्तुभच्या केबिनमध्ये गेले. पोस्टरसाठी मी लिहून दिलं होतं ते असं: 'दुधातलं फॅट दह्या-ताकातून बेतानं घेतलं तर हृदयाला तितकं बाधत नाही, लोणी-तुपानं मात्र एलडीएल वाढतं.'

"अर्धं वाक्य कुठं गेलं?"

"डॉक्टर, पोस्टरवर एवढं कोण वाचतं? क्रिस्प केलं."

"आणि दह्याच्या जागी तूप?"

"दही पांढरं, बॅकग्राउंड पांढरं. दिसेना."

कारण अगदी शास्त्रीय होतं. पण पुढचं वाक्य झोंबलं. "प्रूफ तुम्हाला पाठवलेलं. तुम्ही ओके केलंत." त्यानं व्हॉट्सॲप दाखवलं. माझा अंगठा होता. भोसरीच्या सिग्नलला मी फक्त फोटो चांगला आलाय एवढंच पाहिलं होतं. इतकी वर्षं शिकून शेवटी अंगठाच दिला. लाज वाटली, खरंच.

आठवड्यानं नामदेवराव भेटायला आले. वेळेवर गेल्यानं निभावलं होतं. मी त्यांची माफी मागितली आणि नीट समजावलं. दुधात फॅटचे बारीक थेंब असतात. प्रत्येकाभोवती पातळ पापुद्रा. घुसळलं की तो फुटतो आणि बराचसा ताकात जातो. लोण्यात राहतं ते उघडं फॅट. कढवलं की तूप. पापुद्रा असलेलं फॅट एलडीएल तितकं वाढवत नाही, असं संशोधक सांगतात.

नामदेवराव विचारात पडले. "मंजी कामाचं ते ताकात जातं? अन् ताक आमी गल्लीत फुकट वाटतो!"

"हो. पण ताक म्हणजे गोळी नव्हे. ते प्यायलात म्हणून गोळी सोडली तर पुन्हा क्रेन विसरा."

सहा आठवडे त्यांनी स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट मोजले. एलडीएल खाली आलं, गोळीमुळे आलं. हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, मग मी फिटनेसवर सही केली. त्या दिवशी शिडी चढून गेल्यावर त्यांनी वरून हात केला आणि माझा जीव भांड्यात पडला.

नवं पोस्टर लागलंय. त्यावर माझं पूर्ण वाक्य आहे, फोटो नाही. कौस्तुभचं खरं निघालं, ते कुणीही वाचत नाही.

नामदेवरावांच्या मालकिणीचा तर आता फोटोवर विश्वासच उरलेला नाही. तिनं माझ्या हातची चिठ्ठी मागवली, सहीशिक्क्यासह. मी वाक्याचे दोन्ही अर्धे भाग लिहून दिले, पाठवण्याआधी तीनदा वाचले. ती चिठ्ठी तिनं तुपाच्या बरणीवर चिकटवली आणि बरणी पुन्हा लपवली.