कमलने घातलेली अट

इकडे ये विजू, बस जवळ. खुर्चीत नको, इथे ओट्यावर, माझ्याशेजारी. महिना होत आला तुझी आई जाऊन. घराची किल्ली माझ्या हातात ठेवून तू धुळ्याची गाडी पकडलीस ती पकडलीसच. आईचे दिवस झाले म्हणजे मावशीशी बोलणंही संपलं का रे? समोर येत नाहीस, म्हणून हे पेपरात लिहिते आहे. तुझ्या दुकानात रविवारची पुरवणी येते, ठाऊक आहे मला. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, लपवण्यासारखं यात काही नाही.

वाचणाऱ्यांना सांगते, विजूची आई कमल म्हणजे माझी शेजारीण. जळगावला विक्रीकराची वकिली करायची आणि संध्याकाळच्या गाडीने आमच्या गावी परतायची. माहेर शिंदखेड्याचं. कचेरीत छापील मराठी बोलणारी ही बाई माझ्या ओट्यावर टेकली की अहिराणीवर यायची. माझी शाळा चौथीत सुटली. पुढे जे वाचलं ते तिने आणून दिलेलं. बायकांच्या राखीव जागेवर मी नगरपालिकेत निवडून आले, तेव्हा हिने मला बजावलं, "घाबरू नको शांते. आन वाचाशिवाय सही करू नको."

तेव्हा गावात कुठलाही माल आणायचा तर नाक्यावर जकात भरावी लागे. यासीन शिंप्याची मुलगी रुखसाना लग्नपत्रिका छापून द्यायला संगणक घेणार होती. ती नाक्यावर विचारायला गेली, तर तिथल्या माणसाने टीव्हीचा दर सांगितला. का, तर पडदा आहे! पोरीचा बेत मोडायच्या बेताला आला. कमल भडकली. म्हणाली, असंच चाललं तर हे नवे धंदे गावाच्या वेशीवरूनच परत जातील, आणि मागोमाग पोरंही. तिनेच ठरवलं, संगणकावर चालणाऱ्या धंद्यांना जकात माफ करायचा ठराव आणायचा. मसुदा ती करणार, सभेत मांडणार मी.

मसुदा करणं म्हणजे काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. मी पोळ्या लाटायची, ती एकेक वाक्य वाचून दाखवायची आणि स्वतःच खोडायची. शब्द सैल ठेवला तर टीव्हीचे व्यापारी आत घुसणार, फार आवळला तर रुखसानाच बाहेर राहणार... यंत्र कशासाठी वापरायचं ते लिहिलं, ते तीन वर्षं गावातच चाललं पाहिजे हे लिहिलं. आणि शेवटी एक अट घातली. हा मसुदा जिने केला तिच्या घरातल्या कुणालाही ही माफी मिळणार नाही.

माझं लाटणं थांबलं. तिच्या घरात होतं कोण? नवरा जाऊन वर्षं लोटलेली, मुलगा एकच. आणि तो मुलगा, विजू, तू, आईच्याच शब्दावर पुण्याची नोकरी सोडून आला होतास, बाहेरच्या खोलीत संगणकाचे वर्ग काढायला.

तू माझ्याकडे आलास ते मला आठवतं. चप्पलसुद्धा काढली नाहीस. "मावशी, तेवढी अट वाचू नका. गावात सगळ्यांना माफी आणि एकट्या मला नाही? लोक म्हणतील, आईनेच टाकलेला."

"आईशी बोल ना," मी म्हटलं.

"ती बोलते कुठे? ती कलमं सांगते!"

तू गेलास. आता तुला जे माहीत नाही ते सांगते. सभेच्या दिवशी सकाळी तुझी आई माझ्याकडे आली. चहा दिला. उकळता चहा बशीत ओतून एका दमात पिणारी बाई ती, पण त्या दिवशी बशीवर साय धरली तरी हात लावला नाही. मग हळूच म्हणाली, "ती अट काढी टाकू का व, शांते?"

मी म्हटलं, "काढ! पोटचं पोर आहे. कोण विचारतंय?"

तिने बशी बाजूला सरकवली. "उद्या कोणी कलेक्टरकडे गया, वकीलबाईनी पोऱ्यासाठी कायदा करा म्हने, तर बठ्ठा ठराव अडकी जाई. रुखसानानं काय?" सगळाच ठराव अडकला तर रुखसानाचं काय होणार, हा तिचा घोर. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड लागला. "वाच तू. एक बी ओळ सोडू नको."

सभेत आधी हसणंच झालं. एक आबा उठून म्हणाले, "शांताबाई, या यंत्रावर रविवारचा सिनेमा लागतो का?" मी म्हटलं, "आबा, नाही लागला तर मत द्याल ना?" सगळे हसले. तेवढ्यात मागून आवाज आला, "सिनेमा राहू द्या, हा सगळा खेळ वकीलबाईंच्या पोरासाठी चाललाय!" हसणं थांबलं. माना दाराकडे वळल्या, तिथे तू उभा होतास. तुझी आई बाकावर, नजर समोर. मी शेवटची अट वाचली, एकेक शब्द... डोकं वर केलं तेव्हा दारात तू नव्हतास.

ठराव झाला. तक्रारीचा अर्जही कलेक्टरकडे गेलाच, पण त्या अटीपुढे तो टिकला नाही. रुखसानाचा संगणक आला, तिच्यामागून आणखी दोघांनी धंदे काढले. तू मात्र यंत्रं परस्पर धुळ्याला उतरवलीस. दिवाळीला यायचास, जेवायचास, जायचास. तुझी समजूत अशी, की आईने डोळ्याचं पातंही न लवता तुला वगळलं. तिने स्वतः तो गैरसमज कधी दूर केला नाही. तशी होतीच ती.

पण तुमच्या अंगणात, बाहेरच्या खोलीच्या भिंतीलगत, तुझ्या यंत्रांसाठी वायरमनने अर्थिंगचा खड्डा केला होता ना, विजेचा झटका जमिनीत जिरावा म्हणून, मीठ-कोळसा भरून? उन्हाळ्यात तो कोरडा पडू द्यायचा नाही, असं तो सांगून गेला होता. यंत्रं काही आली नाहीत. तरी तुझी आई दर उन्हाळ्यात, नळाला दिवसाआड पाणी असलं तरी, त्या खड्ड्यात बादली ओतायची. मी एकदा म्हटलं, "कोणासाठी गं?" तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ओलं असलेलं बरं."

महिनाभर मी ओतते आहे. पण माझे गुडघे आता बादली उचलू देत नाहीत रे... आणि ऊन तर अजून वाढायचं आहे. एखाद्या रविवारी ये. लवकर ये.